नवसाबाईची चव वही

नवसाबाईला भेटायचं असेल तर सकाळी अकराच्या आत जाऊ नका. त्या वेळी ती माणसांशी बोलत नाही, पातेल्याशी बोलते. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या जिथून सरळ समोर दिसतात अशा एका गावातल्या शाळेत ती सतरा वर्षं पोरांची खिचडी शिजवते आहे. पत्र्याची खोली, दोन शेगड्या, एक भलंमोठं पातेलं आणि खिळ्याला दोरीनं टांगलेली एक लांबडी वही. त्या वहीला शाळेत 'चव वही' म्हणतात. नियम असा, की खिचडी पोरांच्या ताटात पडण्याआधी शिजवणाऱ्या बाईनं स्वतः चाखायची, वहीत शेरा लिहायचा आणि सही ठोकायची. शनिवारी मुख्याध्यापक वाल्मीक सर आठवड्याच्या सगळ्या शेऱ्यांखाली एकदम सही करतात. सतरा वर्षांत नवसाबाईचा शेरा कधी बदलला नाही. "चव उत्तम."

बाई तोंडाची फटकळ. रांगेत कोणी ढकलाढकली केली की डाव उगारते, पण तो आजवर कोणाला लागलेला नाही. एकशे चाळीस पोरांची नावं तिला पाठ, शिवाय त्यांच्या आयांची आणि आयांच्या माहेरांचीसुद्धा. एक गोष्ट मात्र तिला फार खटकायची. पोरं ताट घेऊन बसली की आधी सोबत आणलेली कंपासपेटी उघडायची, तिच्यातून कागदाची इवलीशी पुडी काढायची आणि खिचडीवर काहीतरी भुरभुरवायची.

"चाट मसाला असंल," नवसाबाई नाक मुरडायची. "साधं काय गोड लागतंय का ह्यांना? नुसती थेरं."

घरी नवरा, झुंबर. लेक शुभांगी वणीला दिलेली. शाळेच्या कुंपणाला लागूनच यांचं घर आणि वीस गुंठे रान, त्यात मेथी आणि कोथिंबीर. झुंबर जुड्या बांधतो, सकाळी नाशिकच्या मार्केटात पोचवतो आणि उरलेला दिवस दारातल्या बाजेवर आडवा असतो. हा झुंबर जरा ध्यानात ठेवा. पुढं त्याला मारायचाय.

तर झालं असं. शाळेचं गॅदरिंग जवळ आलं होतं. चार महिन्यांपूर्वी बदली होऊन आलेल्या उज्वला मॅडमनी आठवीच्या वर्गाला काम दिलं, की आपल्या परिसरातली एखादी साधी व्यक्ती निवडा आणि तिच्या आयुष्याबद्दल लिहा. सगळ्यात चांगलं असेल ते गॅदरिंगला स्टेजवर वाचायचं, आणि त्या व्यक्तीचा शाल-नारळ देऊन सत्कार करायचा. मॅडमनी हे सांगितलं ते नेमकं जेवणाच्या सुट्टीच्या पाच मिनिटं आधी. पोरं ताटं घेऊन रांगेत लागली, तर समोर साधी व्यक्ती डाव घेऊन उभीच. एकतीस पोरांतल्या तेवीस जणांनी तिथल्या तिथं नवसाबाई निवडली.

हे तिच्या कानावर गेलं आणि बाई हवेत गेली हो! सतरा वर्षांत कितीतरी साहेब शाळेत येऊन गेले. त्यांनी तांदूळ तपासला, शेगडी तपासली, पातेल्यात डोकावून पाहिलं. तिला कोणी एक शब्द विचारला नव्हता. आता तेवीस पोरं विचारायला येणार म्हटल्यावर तिनं लेकीच्या लग्नातली जांभळी साडी काढून उन्हात टाकली, सटाण्याला माहेरी फोन करून सत्काराचं सांगून ठेवलं, आणि विहिरीवर पाणी भरताना उत्तरांचा सराव चालू केला. शेजारच्या धोंडाबाईनं विचारलं, "एकटीच काय बडबडती गं?" तर म्हणाली, "माझी मुलाखत हाय."

दोन दिवस ती खिचडी वाढून झाल्यावर पायरीवर बसून राहिली. एक पोर फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी तेवीसच्या तेवीस वह्या मॅडमच्या टेबलावर.

कसं काय? तर पोरांनी घरोघर आईबापाचा मोबाईल घेतला आणि त्यातल्या एआयला सांगितलं, "आमच्या शाळेत खिचडी करणाऱ्या नवसाबाईंवर निबंध लिही." आता त्या बिचाऱ्याला नवसाबाई कुठून ठाऊक? पण नाही म्हणणं त्याच्या स्वभावातच नाही. त्यानं झटक्यासरशी तेवीस नवसाबाया तयार करून दिल्या. सार्थकच्या वहीतली नवसाबाई समुद्रकिनाऱ्यावर जन्मली होती आणि लहानपणी मासे विकत होती. दुसऱ्या एकीच्या वहीतली अविवाहित होती. समर्थच्या वहीतली बाकी सगळी ठीकठाक होती, पण पोरानं इमानदारीत अगदी शेवटच्या ओळीपर्यंत सुवाच्य अक्षरात उतरवलं होतं, "हा निबंध मी आणखी भावनिक करून देऊ का?" आणि त्याला लाल पेनानं चौकटही केली होती.

सगळ्यात सरस ठरला सृष्टीचा. सृष्टी वर्गातली हुशार मुलगी, तिनं एआयकडून तीनदा पुन्हा लिहून घेतला होता. "पतीच्या अकाली निधनानंतर खचून न जाता नवसाबाईंनी हाती डाव घेतला," अशी सुरुवात. मॅडमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. झुंबर कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तो निबंध फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. गावकऱ्यांनी न वाचताच हात जोडल्याची चित्रं टाकली आणि आपापल्या पाहुण्यांना पुढं ढकलला. निबंध जो सुटला तो थेट सटाण्याला जाऊन थांबला, नवसाबाईच्या भावाच्या मोबाईलवर.

भावानं वाचला आणि मटकन खाली बसला. बहिणीला फोन लावला, तर ती शाळेत. शेगडीजवळ मोबाईल फुटतो या भीतीनं ती तो तांदळाच्या डब्यात ठेवते. झुंबरला लावला, तर त्याचा मोबाईल गेल्या महिन्यात विहिरीत पडलेला. दोन्ही फोन लागेनात म्हटल्यावर संशयाला जागाच उरली नाही.

मंगळवारी दुपारी तीनला नवसाबाई शाळेतून घराकडं वळली, तर दारात टेम्पो उभा आणि आतून बायकांचा हेल काढून रडण्याचा आवाज. भावजय गोजराबाईचा अहिराणीतला आवाज तर सटाण्यापासूनच चढत आला असावा.

"भाऊजी गयात वं माय! आते आमनी ननंदनी कशी करो वं!"

भाऊजी म्हणजे झुंबर, आणि तो गेला! सकाळी तर ह्यांनी चार भाकरी खाल्ल्या होत्या! नवसाबाई मेथीच्या वाफ्यात जागच्या जागी बसली आणि तिनंही गळा काढला. "आवं, मला सोडून कसं गेले वो! चहा पण नाय घेतला वो जाताना!" गोजराबाई धावत आली, नणंद-भावजय एकमेकींच्या गळ्यात पडल्या, धोंडाबाई कुंपणावरून उडी मारून रडायला आली. भाऊ पदर... छे, भावाला कुठला पदर, उपरणं डोळ्यांना लावून उभा राहिला.

एवढ्यात कोणीतरी गोजराबाईपुढं पाण्याचा तांब्या धरला. तिनं डोळे मिटूनच तो घेतला, दोन घोट प्याली, वर पाहिलं, आणि अशी किंचाळली की कोंबड्या छपरावर चढल्या.

"हाऊ ते जित्ता शे वं माय!"

झुंबर मागच्या रानातून पाणी घेऊन आला होता. त्यानं सगळ्यांकडं पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि गंभीर होऊन विचारलं, "नवसे, कोण गेलं गं आपल्यातलं?"

"तुम्ही!" नवसाबाई म्हणाली.

"असं होय," झुंबर म्हणाला आणि बाजेवर बसला.

खरा पेच पुढंच होता. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून सोयरे जेवण घेऊन जातात, त्याला कडू घास म्हणतात. गोजराबाईनं टोपलंभर भाकरी आणि पातेलंभर पिठलं आणलं होतं. आणि दारी नेलेला कडू घास परत न्यायचा नसतो, यावर ती काही केल्या हटेना. शेवटी सगळे ओळीनं बसले आणि झुंबर स्वतःचाच कडू घास जेवला. दोन भाकरी जास्तच खाल्ल्या त्यानं. वर म्हणाला, "पिठलं झ्याक झालंय. आयुष्य वाढलं माझं." नवसाबाईला हसू का रडू कळेना. राग मात्र पुरेपूर आला.

बुधवारी सकाळी ती शाळेत पोचली तेव्हा वाल्मीक सरांच्या खोलीत उज्वला मॅडम मान खाली घालून उभ्या होत्या. सरांनी टेबलावर हात आपटला. "बंद! आजपासून ते एआय-फियाय बंद. आणि नवसाबाईंचा कार्यक्रम रद्द. गावात फजिती झाली तेवढी बास."

नवसाबाईच्या साडीला इस्त्री झाली होती. भाऊ-भावजय शनिवारचं गॅदरिंग बघूनच जाणार म्हणून मुक्कामाला थांबली होती. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव स्टेजवरून वाचलं जाणार होतं.

"सर, मारलं माझ्या नवऱ्याला अन् शिक्षा पण मलाच व्हय?" ती म्हणाली. "पोरांनी चुकीचं लिहिलं, तर बरोबर लिहायला लावा ना."

सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. "शुक्रवार दुपारपर्यंत," ते म्हणाले. "एआय घ्या नाहीतर नका घेऊ, पण निबंधातलं अक्षर न् अक्षर खरं पाहिजे. एक जरी थाप सापडली तर नाव कट."

नवसाबाई तडक खिचडीच्या खोलीत गेली, खिळ्यावरची चव वही ओढली आणि उजव्या हातातल्या डावासकट आठवीच्या वर्गात शिरली.

"हे बघा रे," तिनं वही टेबलावर आपटली. "मला एआयचं काय कळत नाय. शिजवायचं कळतं. तांदूळ मी पिकवला का? नाय. डाळ माझी का? नाय. पण ताटात खिचडी पडली की नाव कोणाचं निघतं? माझं! म्हणून नेम हाय. वाढायच्या आधी चाखायचं अन् मग सही करायची. तुम्ही काय केलं? दुसऱ्यानं शिजवलेलं न चाखता माझ्या नावानं गावभर वाढलं. आवं, माझा नवरा जिता का मेला हे बघायला किती लांब जायचं होतं? त्या खिडकीतून बघा, बाजेवर दिसतोय!"

एकतीस पोरांनी खिडकीकडं धाव घेतली. झुंबरनं लांबून हात हलवला.

"ते एआय लय वाईट आहे का मावशी?" समर्थनं विचारलं.

"वाईट कशानं? पातेलं वाईट असतं का? पण पातेलं काय चाखत नाय रे बाळा. जीभ तुला दिली हाय."

उज्वला मॅडम एवढा वेळ कोपऱ्यात होत्या. त्यांनी खडू उचलला आणि म्हणाल्या, "चुकलं ते आधी माझं. मीही न चाखताच वाढलं." मग फळ्यावर रकाने आखले. एआयला काय विचारलं. त्यानं काय सांगितलं. ते आपण कोणाला विचारून, काय बघून तपासलं. खरं निघालं की खोटं. आणि शेवटी स्वतःची सही. "माणूससुद्धा चुकीचं सांगू शकतं," त्या म्हणाल्या, "म्हणून प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी तपासायची. आणि निबंध मात्र स्वतःच्या हातानं लिहायचा." पोरांनी या वहीलाही चव वहीच म्हणायचं ठरवलं. आपली वही अशी फळ्यावर चढलेली पाहून नवसाबाई पोरांपुढं दोन इंच उंच झाली.

गुरुवारी वाढप झाल्यावर सृष्टी एकटीच पायरीशी आली. तिचे डोळे सुजलेले होते. "मावशी, मी काकांना मारलं," एवढंच म्हणाली. नवसाबाईनं तिला शेजारी बसवलं. "अगं, लय मजेत हायेत ते. चार दिवस पाहुण्यांत मिरवतायत. विचार, काय विचारायचंय."

या वेळी सृष्टीनं एआयकडून निबंध घेतला नव्हता, नुसते प्रश्न घेतले होते. ती वाचायला लागली. "तुमच्या जीवनप्रवासातलं सर्वात मोठं आव्हान कोणतं?"

"गॅस संपणं. डाळ अर्धी शिजल्यावर."

"तुमचं प्रेरणास्थान?"

"घंटा. ती झाली की हात आपोआप चालतात."

"तरुण पिढीला काय संदेश द्याल?"

"ताटं धुऊन ठेवा."

सृष्टी हसायला लागली. मग तिनं कागद घडी करून ठेवला. "मावशी, हा शेवटचा माझा आहे, एआयचा नाही. तुम्हाला खिचडी आवडते?"

नवसाबाईनं विहिरीवर कितीतरी उत्तरं घोकली होती. हे त्यात नव्हतं. ती एकदम पदर सारखा करायला लागली. "आवडती की. न आवडायला काय झालं? रोज चाखती. वहीत बघ, सही हाय माझी."

सृष्टी पडली गुणी पोर. दोन ठिकाणी तपासायचं म्हणून तिनं खरंच खिळ्यावरची वही काढली. सोमवार, चव उत्तम. मंगळवार, चव उत्तम. बुधवार, चव उत्तम. गुरुवार, चव उत्तम. शुक्रवार, चव उत्तम. शनिवार, चव उत्तम.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "आज गुरुवार आहे."

नवसाबाईनं तिच्या हातातली वही घेऊन परत खिळ्याला टांगली.

"आणि शनिवारी गॅदरिंग आहे. खिचडीच नाही."

"जा घरी," नवसाबाई म्हणाली. "मला भांडी घासायचीत."

"पण मी माझ्या वहीत काय लिहू? खरं का खोटं?"

"जा म्हटलं ना!"

त्या संध्याकाळी नवसाबाईनं भाकरी करपवली. पाहुणे टीव्ही बघत होते. तिनं झुंबरला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. दर सोमवारी ती आठवड्याचे शेरे एकदम लिहून टाकते, अन् सतरा वर्षांत तिनं खिचडीचं एक शीत तोंडात घातलेलं नाही. हे वाचलं गेलं तर गावापुढं तोंड कसं दाखवायचं? आणि लपवावं तर ती थापच झाली, सरांना कळली तर नाव कट.

झुंबर जुडी बांधता बांधता ऐकत होता. "मला खोटं मारलं तव्हा तू किती बोंबलली," तो म्हणाला. "आता तुझं खरं निघतंय तर बोंबलती?"

"तुम्ही गप बसा, मेलेलं माणूस."

पण रात्रभर... नाही, रात्रभर वगैरे काही नाही. बाई पडल्या पडल्या घोरते. सकाळी उठल्यावर तिला पहिली आठवण झाली ती वर्गातल्या आपल्या भाषणाची. न चाखता वाढलं म्हणून केवढी झाडली होती पोरांना! तिला मनापासून लाज वाटली.

शुक्रवारी तिनं सृष्टीला स्वतः हाक मारली. "खोटं लिही," ती म्हणाली. "म्हंजे, त्या रकान्यात खोटं असं लिही. अन् का ते पण लिही. मी नऊ वर्षांची असताना कावीळ झाली होती. आईनं चाळीस दिवस बिनमिठाची खिचडी चारली. दोन टायमाला. तव्हापास्नं नुसता वास आला तरी पोटात ढवळतं माझ्या. खिचडी करताना मी तोंडानं श्वास घेती."

सृष्टीचे डोळे मोठे झाले. "मग हे काम का घेतलं?"

हाही प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. नवसाबाईनं शेगडी बारीक केली. "शुभांगी तव्हा पहिलीत होती," ती म्हणाली. "मधल्या सुट्टीत एकटी बसून रडायची. म्हटलं, निदान रांगेत तरी दिसंल मला. ती शिकून गेली, मी राहिले. बाकीची होती ना रांगेत."

शनिवारी संध्याकाळी मंडप भरला. पहिल्या रांगेत जांभळी साडी, शेजारी जिवंत नवरा, त्याच्या पलीकडं गोजराबाई, जी अधूनमधून त्याला चाचपून बघत होती. सृष्टीनं वाचायला सुरुवात केली. गॅस संपण्याला लोक हसले, कडू घासाला तर मंडप डोक्यावर घेतला. मग ती म्हणाली, "आमच्या मावशींना खिचडी आवडत नाही. त्या चव उत्तम लिहितात, पण चाखत नाहीत. हे मी चव वहीत बघून आणि त्यांना विचारून तपासलं आहे. खरं आहे." वाल्मीक सरांना जोराचा खोकला आला, कारण दर शनिवारी खाली सही त्यांची होती. मग सृष्टीनं काविळीचं वाचलं, शुभांगीचं वाचलं आणि खाली बसली. पहिली टाळी झुंबरनं वाजवली. शाल घेताना नवसाबाई सरांना पुटपुटली, "अक्षर न् अक्षर खरं हाय, सर." सर म्हणाले, "हो ना. जरा जास्तच."

सोमवारी खिचडी शिजली. रांग लागली. नवसाबाईनं एकशे चाळीस पोरांसमोर डावात थोडी खिचडी घेतली, नाक दाबलं, डोळे मिटले आणि तोंडात टाकली. पोरं श्वास रोखून बघत होती. बाईचा चेहरा आधी आंबट झाला, मग कोरा, आणि मग तिनं डोळे उघडले.

"अगंबाई! हिच्यात मीठच नाय!"

असायचं कुठून? ती आली तेव्हा शाळेत साठ पोरं होती, तेव्हापासून तिचं माप ठरलेलं, एक लहान वाटी. पोरं वाढली, डाळतांदूळ वाढला, वाटी तीच राहिली. वाल्मीक सर कधीमधी चाखायचे, पण त्यांना बीपी. त्यांना ती फार आवडायची.

रांगेत कोणी हसलं नाही. समर्थ पुढं झाला, कंपासपेटी उघडली आणि कागदाची इवलीशी पुडी तिच्यापुढं धरली.

"घ्या मावशी. मीठ आहे. आम्ही सगळेच आणतो."

नवसाबाईनं पुडी घेतली, उघडली, बोटानं चाखली. "कधीपास्नं रे?"

"माझी ताई पण आणायची. तिनंच मला शिकवलं."

नवसाबाईनं रांगेकडं पाहिलं. एकशे चाळीस कंपासपेट्या. तिची नजर फिरेल तसा एकेक हात आपली पुडी पाठीमागं लपवत होता.

"अरे मग सांगायचं ना मला! इतकी वर्षं!"

समर्थनं खांदे उडवले. "तुम्ही विचारलंच नाही ना, मावशी."

नवसाबाईनं खिळ्यावरची वही काढली, सोमवारच्या घरात लिहिलं, "मीठ नाही," आणि सही केली. फक्त सोमवारची. मिठाची वाटी भरून ओतली, पुन्हा भरून ओतली, ढवळलं, आणि पहिल्या पोराच्या ताटात डावभर वाढून ती तिथंच थांबली.

"खा," ती म्हणाली. "अन् मला सांग. कशी झाली?"